आरईडब्ल्यू आणि इक्वलायझर एपीओ: हॉलमधला घुमणारा बास चार फिल्टरांत आटोक्यात

आधीच सांगतो, मी साऊंड इंजिनियर वगैरे कोणी नाही, संध्याकाळी हॉलमध्ये बसून गाणी ऐकणारा साधा माणूस आहे. स्पीकर साधारण साडेसहा इंची वूफरवाले दोन, स्टँडवर ठेवलेले, ॲम्प ठीकठाक, आणि गाणी सगळी कॉम्प्युटरवरून वाजतात. दोन वर्षं मला एकच त्रास होता तो म्हणजे बास. कमी नव्हता हो, उलट नको तिथे नको तेवढा होता. बास गिटारची एक ठराविक नोट आली की सोफा घुमायला लागायचा आणि तिच्या शेजारच्या नोटा मात्र नुसत्या हजेरी लावून जायच्या. डग्ग्याचं तर विचारूच नका, मींड घेताना मधेच कुठेतरी एकदम 'घूंऽऽ' आणि परत गप्प. आधी मी ॲम्पला शिव्या घातल्या, मग केबलींवर संशय घेतला, आणि शेवटी स्पीकरच काढून टाकायच्या विचारात होतो तेव्हा मित्र म्हणाला, "अरे आधी मोज तरी, मग काय विकायचं ते वीक." आणि स्वतःचा मायक्रोफोन माझ्या हातात ठेवला.

तर हा रिव्ह्यू त्या सगळ्या खटाटोपाचा. मोजायला आरईडब्ल्यू, म्हणजे रूम ईक्यू विझार्ड, जॉन मलकाही नावाच्या गृहस्थाने लिहिलेलं सॉफ्टवेअर, फुकट आहे, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतं. आवाज सुधारायला इक्वलायझर एपीओ, हे फक्त विंडोजवर, तेही फुकट आणि ओपन सोर्स. त्याच्यावर पीस नावाचा एक चेहरा चढवता येतो, म्हणजे टेक्स्ट फाईलमध्ये डोकं घालायला नको असेल तर स्लायडर आणि बटणं मिळतात. मायक्रोफोन मिनीडीएसपीचा यूमिक १, यूएसबीवाला. हे एवढंच सामान. फोनच्या माईकवर भागवायचा विचार मीही केला होता पण फोनचे माईक बोलणं नीट ऐकू यावं म्हणून बनवलेले असतात, खालचा बास बऱ्याचदा फोन स्वतःच कापून टाकतो, आणि आपल्याला तर नेमकं तेच मोजायचंय.

यूमिकची चांगली गोष्ट म्हणजे प्रत्येक माईकची स्वतःची कॅलिब्रेशन फाईल असते, म्हणजे त्या माईकची चूक भरून काढणारे आकडे, सिरीयल नंबर टाकला की साईटवरून उतरवून घेता येते. फाईली दोन असतात, एक शून्य अंशाची म्हणजे माईक स्पीकरकडे रोखलेला असताना वापरायची, आणि दुसरी ९० अंशाची म्हणजे माईक छताकडे उभा असताना. मी काय केलं असेल? बरोबर. माईक छताकडे आणि फाईल शून्याची. उभ्या माईकला ट्रेबल, म्हणजे वरचे बारीक सूर, थोडे कमीच ऐकू येतात, आणि ते भरून काढणारी फाईल मी लावलीच नव्हती, त्यामुळे ग्राफमध्ये माझे ट्वीटर (वरचे सूर वाजवणारे छोटे स्पीकर) बिचारे आजारी दिसायला लागले. दोन दिवस मी त्या आजारावर उपचार करत होतो. तुम्ही हे करू नका.

मोजणं तसं सोपं आहे. सोफ्यावर जिथे डोकं असतं तिथे, कानाच्या उंचीला माईक, साध्या कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर. आरईडब्ल्यू एक स्वीप वाजवतं, २० हर्ट्झपासून सुरू होऊन २०,००० पर्यंत चढत जाणारा एकच सूर, मी ७५ डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास लेव्हल ठेवली होती. पहिल्या स्वीपला आई आतून येऊन म्हणाली, "अरे हा कसला भोंगा, काही बिघडलंय का?" आणि तिचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता कारण स्वीप खालून वर जाताना मधेच कपाटाची काच थरथरली, जी गाण्यात मला इतके दिवस स्पीकरची खरखर वाटत होती. काचेखाली फेल्टचा तुकडा सरकवला, विषय संपला. म्हणजे एकही फिल्टर (ठराविक सूर कमी-जास्त करायची सेटिंग) न लावता पहिला फायदा झाला तो हा.

डावा वेगळा, उजवा वेगळा, मग दोन्ही एकत्र. एकाच जागी मोजून भागत नाही, डोकं थोडं हललं की वरचा ग्राफ बदलतो, म्हणून सोफ्याच्या आसपास नऊ ठिकाणी मोजून त्यांचा ॲव्हरेज काढला, ती सोय आतच आहे.

आणि मग ग्राफ दिसला. ४९ हर्ट्झला डोंगर! आजूबाजूपेक्षा ११ डीबी वर. ९८ ला दुसरा, त्याच्यापेक्षा बुटका, ६ डीबीचा. आणि १४० च्या जरा पुढे खोल दरी. आधी वाटलं माईक खराब आहे, मग सहज गणित केलं आणि अंगावर काटा आला. माझा हॉल ५ मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद, छत २.८ मीटरवर. स्पीकर लांब भिंतीला, सोफा समोरच्या भिंतीला टेकून, म्हणजे आवाज साडेतीन मीटरच्या दिशेने जातो. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला खोलीच्या मापाच्या दुपटीने, म्हणजे ७ ने भागा. ४९. बरोब्बर ४९! दोन भिंतींमध्ये ती लाट अडकते, स्वतःवरच चढत राहते आणि भिंतीजवळ सगळ्यात जोरात ऐकू येते, आणि माझा सोफा भिंतीला टेकलेला. तिची दुप्पट ९८, तोच दुसरा डोंगर. गंमत पुढेच आहे, ४९ हर्ट्झ म्हणजे बास गिटारच्या जाड तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटची नोट, 'जी' (G), आणि ९८ म्हणजे तिच्याच वरच्या सप्तकातली 'जी'. 'एक ठराविक नोट घुमते' असं मी दोन वर्षं म्हणत होतो ना, ती ही. स्पीकर बिचारे निर्दोष होते, मी भिंतींचं पाप त्यांच्या माथी मारत होतो.

आता सॉफ्टवेअरला काय जमतं आणि काय नाही ते मला पुढच्या आठवड्यात, चुका करत करत कळलं. आरईडब्ल्यूमध्ये ईक्यूची, म्हणजे इक्वलायझरची, एक खिडकी आहे, तिथे टार्गेट लाईन (ग्राफ कसा हवा ती रेघ) ठरवायची, कुठून कुठपर्यंत दुरुस्ती करायची ते सांगायचं आणि बटण दाबायचं की ते स्वतः फिल्टर शोधून देतं. मी हावरटासारखं २० ते २०,००० सगळं दिलं, टार्गेट एकदम सपाट, बूस्टची (आवाज वाढवण्याची) मर्यादा मोकळी. वीसेक फिल्टर आले, ग्राफवर रेघ अशी सुंदर सरळ की फ्रेम करून लावावी. वाजवलं आणि तीन मिनिटांत बंद केलं. आवाज पातळ, टोकदार, झांजा कानात घुसतायत, गाणाऱ्याच्या स-श ला धार आलेली (त्यात ती चुकीची फाईलही होतीच म्हणा). नंतर कळलं की खोलीत बसून मोजलेला चांगल्या स्पीकरचा ग्राफ मुळात सपाट नसतोच, तो बासकडून ट्रेबलकडे हळूहळू उतरत जातो, कारण वरच्या फ्रीक्वेन्सी स्पीकरमधून सरळ झोतासारख्या येतात, खोलीत कमी पसरतात आणि पडदे-गाद्यांमध्ये जिरतात. तो उतार सरळ करायला गेलं की कर्कशपणा हमखास. फ्लॉइड टूल यांनी आयुष्यभर याच विषयावर काम केलं, आधी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि मग हारमनमध्ये, त्यांचंही म्हणणं थोडक्यात हेच की खाली खोलीचं राज्य असतं तिथे ईक्यू जरूर वापरा, पण वरच्या भागात खोलीतला ग्राफ बघून स्पीकरला शहाणपण शिकवू नका. माझ्याएवढ्या, साधारण ४९ घनमीटरच्या हॉलमध्ये ही सीमा २०० हर्ट्झच्या आसपास पडते. त्यामुळे मी पुढे २५० च्या वर हात लावला नाही आणि अजूनही लावलेला नाही.

दुसरी चूक त्या दरीची. १४३ ला १० डीबीचा खड्डा, मी म्हटलं भरून टाकू, ९ डीबी वाढवले. परत मोजलं तर खड्डा तिथेच, हसतोय. आणखी वाढवलं, तरी तिथेच. पालथ्या घड्यावर पाणी. कारण समजल्यावर स्वतःचीच कीव आली. स्पीकर मागच्या भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर होते, वूफरमधून निघालेला आवाज मागे भिंतीवर आपटून परत येतो तेव्हा या एका फ्रीक्वेन्सीला तो नेमका अर्धी लाट मागे पडलेला असतो, पुढच्या आवाजाला उलटा भिडतो आणि दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. आता तुम्ही पुढचा आवाज वाढवला की मागचाही तेवढाच वाढतो, वजाबाकी तीच. पण ॲम्पला मात्र भुर्दंड, ३ डीबी वाढवले की दुप्पट पॉवर, ९ म्हणजे आठपट! आणि मी प्रीॲम्प (इक्वलायझर एपीओमधली एकूण आवाजाची पातळी) खाली घ्यायचा विसरलो होतो, म्हणजे आधीच शेवटच्या पायरीवर असलेल्या डिजिटल सिग्नलला आणखी वर ढकलत होतो, त्यामुळे गाण्यात जिथे आवाज मोठा तिथे तडतड यायला लागली आणि मला वाटलं वूफर गेला. रात्री साडेअकरा वाजता टॉर्च घेऊन वूफरचा पडदा तपासणारा मी, हे चित्र डोळ्यासमोर आणा.

उपाय शेवटी हाताने करायचा निघाला. स्पीकर ढकलून भिंतीपासून ३५ सेंटिमीटरवर आणले. अंतर कमी झालं की खड्डा वर सरकतो, हिशोबाने २४५ च्या आसपास, आणि तिथे भिंतीचा परिणाम इतका खोल उरत नाही कारण तोपर्यंत स्पीकर मागे कमी आवाज फेकायला लागलेला असतो. भिंतीजवळ आल्याने एकूण बास वाढला, पण वाढलेलं कापता येतं ना, तेच तर सॉफ्टवेअरचं काम. सोफा पण भिंतीपासून ४० सेंटिमीटर पुढे घेतला, घरात यावर चर्चासत्र झालं, "आता मागे झाडू कसा मारायचा" वगैरे, पण ९८ चा डोंगर नुसत्या त्यानेच दोन-अडीच डीबी उतरला. ४९ वाला ढिम्म हलला नाही, एवढ्या लांब लाटेला ४० सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही.

आणि मग परत सगळं मोजून, ऑटोमॅटिक बटण बाजूला ठेवून, बूस्ट शून्यावर बांधून चार फिल्टर बसवले. पहिला ४९ हर्ट्झ, मायनस ९ डीबी, क्यू ५. क्यू म्हणजे फिल्टर किती अरुंद ते, आकडा मोठा तेवढी कात्री बारीक, ४९ ला ५ ने भागलं की साधारण १० हर्ट्झची रुंदी आली, म्हणजे डोंगर गेला पण शेजारी शाबूत. दुसरा ९८ ला मायनस ४, तोच क्यू. तिसरा ६१ ला मायनस ३, ही छत आणि जमिनीमधली लाट. चौथा मात्र रुंद, १८० च्या आसपास मायनस अडीच, क्यू १, कारण स्पीकर भिंतीजवळ आल्यावर पुरुषी आवाज जरा पिंपात बसून बोलल्यासारखे यायला लागले होते. पूर्ण ११ डीबी न कापता ९ च कापले ते मुद्दाम, पूर्ण कापून ऐकलं तेव्हा कोरडं वाटलं. चारही फिल्टर कापणारेच असल्यामुळे प्रीॲम्पची भानगडही उरत नाही. आरईडब्ल्यूमधून हे टेक्स्ट म्हणून एक्सपोर्ट होतात आणि इक्वलायझर एपीओ ती फाईल जशीच्या तशी उचलतो. मला हे फार आवडलं, सगळं कॉन्फिगरेशन म्हणजे चार ओळींची साधी फाईल, उघडा, आकडा बदला, सेव्ह करा, गाणं चालू असतानाच आवाज बदलतो.

खरी कसोटी ऐकण्याची, तर पहिली प्रतिक्रिया सांगू? निराशा. "बास गेला" असं वाटलं. दोन वर्षं त्या घुमण्याची इतकी सवय झालेली की तेच खरं वाटायचं. वर आणखी गोची अशी की कापणाऱ्या फिल्टरांनी एकूण आवाजही थोडा उतरतो, आणि तुलना करताना जे जरा मोठं वाजतं तेच चांगलं वाटतं, हा कानाचा स्वभावच आहे. म्हणून दोन्ही बाजूंचा आवाज मोजून सारखा केला आणि दोन दिवस तसंच ऐकत राहिलो. तिसऱ्या दिवशी फिल्टर बंद केले आणि लक्षात आलं, अरे बापरे, हे आपण ऐकत होतो? बास गिटारची चाल आता नोटेनोटेने कळते, वाजवणारा तारेवरून बोट कधी उचलतो ते कळतं, डग्ग्याची मींड पहिल्यापासून शेवटपर्यंत एका रेषेत जाते. आणि फायदा नुसता जोर कमी होण्यापुरता नाहीये, आरईडब्ल्यूमधल्या वॉटरफॉल ग्राफमध्ये (आवाज वेळेनुसार कसा विरतो ते दाखवणारा) ४९ ची शेपटी पण आखूड झालेली दिसते, म्हणजे नोट संपल्यावर ती रेंगाळत नाही. खोलीच्या अशा डोंगरांचं वैशिष्ट्यच आहे की बरोबर मापाच्या फिल्टरने उंची कापली की रेंगाळणंही कमी होतं. संवाद पण स्पष्ट झाले, ही अपेक्षा मी केलीच नव्हती, सिनेमा बघताना आवाज वाढव-कमी कर करणं जवळपास थांबलंय.

रात्रीसाठी पीसमध्ये वेगळं प्रोफाईल केलंय. हळू आवाजात कानाला बास कमी ऐकू येतो, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं, म्हणून त्या प्रोफाईलमध्ये खालच्या बाजूला ४ डीबीचा लो शेल्फ (सगळा खालचा बास एकदम उचलणारा फिल्टर) आणि प्रीॲम्प मायनस ४. कीबोर्डवरच्या एका शॉर्टकटने बदलतं. जुन्या ॲम्पवरचं लाऊडनेसचं बटण आठवतंय का, तेच काम.

आता कुरबुरी. इक्वलायझर एपीओ विंडोजच्या ऑडिओ वाटेत बसतो, त्यामुळे एखादा प्लेअर एएसआयओ किंवा वासापी एक्सक्लुझिव्हवर (विंडोजचं मिक्सिंग टाळून थेट साऊंडकार्डला आवाज देणारे मार्ग) लावला असेल तर आवाज त्याला टाळून बाहेरच्या बाहेर जातो आणि तुम्ही फिल्टर फिरवत बसता. साऊंडचा ड्रायव्हर बदलला की परत डिव्हाईस निवडून रीस्टार्ट करावा लागू शकतो. चालू आहे की नाही ते बघायची माझी युक्ती, प्रीॲम्प मायनस ३० करायचा, आवाज पडला तर आहे, नाही पडला तर नाही. फक्त कॉम्प्युटरमधून जाणारंच सुधारतं हे तर उघडच आहे, फोनवरून थेट ॲम्पला ब्लूटूथ जोडलं की तोच जुना घूं. त्यासाठी वेगळा डीएसपीचा (आवाजावर असेच फिल्टर लावणारा) डबा मधे टाका, किंवा रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर कॅमिलाडीएसपी हे सॉफ्टवेअर चालवा, पण ते शनिवार-रविवार खाणारं काम आहे. मॅकवाल्यांना आरईडब्ल्यू चालेल पण फिल्टर लावायला दुसरं काहीतरी लागेल. डिरॅक लाईव्हसारखे पैसे भरून मिळणारे खोली-दुरुस्तीचे प्रकार बरंच काही आपणहून करतात, ज्याला आकड्यांचा कंटाळा आहे त्याने तिकडे जावं. मला मात्र कुठल्या फ्रीक्वेन्सीला काय केलंय हे माहीत असणंच जास्त आवडतं.

आरईडब्ल्यू पहिल्यांदा उघडल्यावर विमानाच्या कॉकपिटसारखं वाटतं, इतकी बटणं. त्यातली दहा टक्केसुद्धा लागत नाहीत पण कुठली ते कोणी सांगत नाही. स्मूदिंगचं, म्हणजे ग्राफची रेघ किती गुळगुळीत दाखवायची त्याचं, तेवढं लक्षात ठेवा, बास बघताना सप्तकाचा एक अठ्ठेचाळीसांश आणि वरचा भाग बघताना एक षष्ठांश, नाहीतर वरच्या भागातली गवतासारखी रेघ बघून घाबरून फिल्टर लावत सुटाल.

आणि टाळी वाजवल्यावर हॉलमध्ये जो 'टर्र' असा प्रतिध्वनी येतो त्याच्यावर यातलं काहीही चालत नाही. तो आवाज भिंतींवरून उसळतोय, त्याला गालिचा, जाड पडदे, पुस्तकांनी भरलेलं कपाट असलंच काहीतरी लागतं. मी अजून त्याला हात घातलेला नाही. हॉलच्या टोकाला जी खुर्ची आहे तिथेही बास अजून विचित्रच आहे, फिल्टर सगळे सोफ्यासाठी कापलेत, तिथे बसणाऱ्याने समजून घ्यावं. माईक मित्राला पुढच्या आठवड्यात परत द्यायचाय, त्याच्या आत जाड पडदे लावून एकदा मोजून घेणार आहे, आईला आधीच सांगून ठेवलंय की भोंगा वाजणार.